विंचवाचे बिऱ्हाड

माणसाला साठीनंतर कशाचा मोह पडेल, हे सांगता येत नाही. कुणाला बागेचा पडतो, कुणाला ग्रामपंचायतीच्या निवडणुकीचा पडतो. मला मोटारीचा पडला. तोही साध्यासुध्या मोटारीचा नव्हे, इटालियन मोटारीचा. आणि इटालियनमध्येही पळण्याच्या मोटारीचा! हिंगोलीसारख्या गावात राहणाऱ्या, गणिताच्या मास्तरकीतून निवृत्त झालेल्या गृहस्थाला ही अवदसा कशी आठवली, ते सविस्तर सांगितले पाहिजे.

श्रावणातला सोमवार होता. औंढ्याला नागनाथाचे दर्शन घेऊन मी आणि आमची ही स्कूटरवरून परत येत होतो. चहाला थांबलो, तेवढ्यात पुण्याहून पुतण्याने फोनवर एक छायाचित्र धाडले. पांढरीशुभ्र मोटार, अंगावर तांबडे पट्टे, कानासारखे बाहेर आलेले तांबडे आरसे आणि पुढे नाकावर चक्क एक विंचू. खाली मजकूर, "काका, मित्र परदेशी चाललाय. गाडी विकतोय. पाच लाख. घेता का?"

मी ते चित्र हिला दाखवले. ती म्हणाली, "बोचऱ्यावर विंचू बसवून कुणी गाडी विकतं का?" आणि चहा पिऊ लागली. मी मात्र घरी येईपर्यंत त्या विंचवाने पुरता डसलेला होतो.

आता हा विंचू कोणाचा, ते ऐका. कार्लो अबार्थ नावाचा एक गृहस्थ १५ नोव्हेंबर १९०८ रोजी व्हिएन्नात जन्मला. तिकडच्या ज्योतिषाप्रमाणे रास वृश्चिक. त्याने १९४९ साली इटलीत मोटारींचा कारखाना काढला आणि आपली रास उचलून मोटारीच्या नाकावर चिकटवली. फियाटच्या साध्या, संसारी मोटारी घ्यायच्या, त्यांच्या इंजिनाला चेव आणायचा आणि शर्यतीत सोडायच्या, हा त्याचा उद्योग. १९७१ साली फियाटने तो कारखानाच विकत घेतला. पुढे २०१५ मध्ये हा विंचू आपल्या महाराष्ट्रात अवतरला. पुण्याजवळ रांजणगावला फियाटची पुंटो मोटार तयार होत असे, तिलाच १४५ अश्वशक्तीचे टर्बो इंजिन बसवून 'अबार्थ पुंटो' म्हणून विकायला काढली. नवी असताना दिल्लीच्या दुकानातली किंमत दहा लाखांच्या किंचित आत. म्हणजे इटालियन खरी, पण जन्मगाव रांजणगाव, महागणपतीच्या शेजारी!

माझीही रास वृश्चिकच. योगायोग म्हणावा तर असा.

पण खरे कारण याहून जुने आहे. आमच्या लहानपणी गावातल्या एका डॉक्टरांकडे फियाट होती. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्याच्या कारखान्यात बांधलेली. फियाटचा संसार या कंपनीने पन्नाशीच्या सुरुवातीला थाटला. १९७४ पासून त्या गाडीला पद्मिनी म्हणू लागले. गियरचा दांडा सुकाणूच्या चाकाशेजारी असे आणि डॉक्टर तो एका बोटाने हलवीत. आम्ही पोरे गाडीमागे धूळ खात धावत असू. तेव्हाच मी मनाशी ठरवले होते, की मोठेपणी इटालियन गाडी घेईन. मोठेपणी मी स्कूटर घेतली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी रस्त्यावरून उतरली, ते वर्तमानपत्रात वाचले त्या दिवशी मला उगाचच कोणाचे तरी सुतक आल्यासारखे वाटले होते.

तात्पर्य, मन तयारच होते. गणिताचा मास्तर असल्यामुळे मी वही उघडून दोन रकाने मात्र पाडले : 'घ्यावी' आणि 'न घ्यावी'.

'घ्यावी'च्या रकान्यात पहिलीच नोंद : शून्यापासून ताशी शंभर किलोमीटरचा वेग नऊ सेकंदांच्या आत. लिहून झाल्यावर विचार पडला. आमच्या घरापासून मोंढ्यापर्यंत नऊ सेकंद सलग मोकळा रस्ता मी जन्मात पाहिलेला नाही. चौथ्या सेकंदाला ऑटो आडवा येतो आणि सहाव्या सेकंदाला म्हैस. अकोला-नांदेड महामार्गावर वेग मिळेल हे खरे. पण महामार्गावर आमचे काम वर्षातून किती वेळा? आमचे खरे येणेजाणे शेतावर, आणि शेताचा रस्ता हा केवळ सौजन्याने रस्ता. या मोटारीचे पोट जमिनीपासून १५५ मिलिमीटर उंच, म्हणजे सहा इंचांच्या किंचित वर. मी लाकडी पट्टी घेऊन शेताच्या वाटेवर गेलो. बैलगाडीच्या दोन चाकोऱ्यांमधला उंचवटा मोजला. भरला सात इंच. गणित तिथेच सुटले होते. पण मोहात पडलेला माणूस उत्तर चुकले असे समजून पुन्हा मांडणी करतो. मी मनात म्हटले, मुरूम टाकून घेऊ.

मग मिस्त्रीकडे गेलो. आमचा मिस्त्री शिक्षणाने सातवी आणि अनुभवाने इंजिनियर. त्याने चित्र पाहिले, हात पुसले आणि म्हणाला, "काहून घेता गुरुजी?"

मी म्हटले, "हौस."

"हौसेला मोल नाही, पण पार्टाला आहे," तो म्हणाला. "हे टर्बो इंजिन. तेल वेळेवर बदललं नसंल तर टर्बो जातो. सकाळी थंड गाडी चालू करा; मागून निळा धूर आला तर समजा तेल जळतंय. आत टायमिंगचा पट्टा असतो. तो किती किलोमीटरला बदलला त्याचं बिल मागा. बिल नसंल तर पट्टा नवा टाकायचा खर्च किमतीतून कापा. पट्टा चालत्या गाडीत तुटला तर इंजिनाचं वाटोळं. मी इंजिन उघडीन बघा, पण पार्ट कुठून आणू? कंपनीनं आपल्याकडं गाड्या विकायचंच बंद केलं."

हे खरे होते. एप्रिल २०२० पासून धुराचे नवे नियम लागू झाले, त्याच सुमारास फियाटने भारतातल्या आपल्या मोटारींचा गाशा गुंडाळला. रांजणगावच्या त्याच कारखान्यात पुढे जीप बनत राहिली, पण विंचवाची वीण तिथेच थांबली. मिस्त्रीने आणखी एक शंका काढली. पंपावर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते; ही गाडी बनली तेव्हा ते नव्हते. आत रबरी नळ्या किती सोसतील कोण जाणे! म्हणजे आमच्याच वसमतकडच्या उसाचा रस इटालियन विंचवाला बाधायचा.

तरीही पितृपक्षात मी पुण्याला गेलो. पितृपक्षात खरेदी वर्ज्य. पाहायला कोणाची हरकत नसते. मालक मुलगा मोठा सज्जन निघाला. सकाळी इंजिन थंड असताना गाडी चालू करून दाखवली. निळा धूर नाही. पट्ट्याचे बिल निघाले. कागदांत एकच खोट : कर्ज फिटले होते, पण नोंदणी पुस्तकावर बँकेचा बोजा तसाच. वाचकांपैकी कोणी जुनी गाडी घेणार असेल तर हे लक्षात ठेवावे. बँकेचे ना-देय पत्र आणि ३५ नंबरचा फॉर्म आरटीओत जाऊन बोजा उतरल्यावरच पैसे मोजावेत. मालकी बदलायला २९ आणि ३० नंबरचे फॉर्म लागतात. विमाही चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करून मागावा. आणि दावा न केल्याबद्दलची सवलत ही जुन्या मालकाची असते, ती गाडीबरोबर येत नाही.

कागद पाहून झाल्यावर त्याने किल्ली माझ्या हातात दिली. अहिल्यानगरकडे जाणाऱ्या रस्त्याने आम्ही रांजणगावपर्यंत गेलो. शिक्रापूर मागे पडले, रस्ता थोडा मोकळा झाला आणि मी पायाखालची कळ दाबली. काय सांगू! गाडी क्षणभर थांबल्यासारखी झाली आणि मग मागून कोणीतरी थोपटावे तशी पुढे उसळली. माझे वय गळून पडले. डॉक्टरांच्या फियाटमागे धावणारे ते पोर आता आत बसले होते. महागणपतीसमोर हात जोडले तेव्हा काय मागितले ते इथे लिहीत नाही.

हिंगोलीला परतलो ते पाच लाखांचा निश्चय करूनच. पैसे होते. गेल्या हंगामात हळदीला बरा भाव लागला होता आणि त्यातले बाजूला काढून ठेवले होते. रात्री जेवण झाल्यावर मी हिच्यासमोर चेकबुक ठेवले आणि म्हटले, "इथे सही कर."

त्या क्षणापर्यंत एक गोष्ट मी माझ्या वहीत कुठेच मांडली नव्हती. हळदीचे ते शेत हिच्या वडिलांकडून आलेले. सातबारा हिच्या नावाचा, आडत्याकडची पट्टी हिच्या नावाची, बँकेतले खाते हिचे. बेणे निवडण्यापासून हळद शिजवून वाळवून पॉलिश करेपर्यंत उन्हात उभी राहणारी हीच. मी फक्त हिशेब लिहितो. तीस वर्षे 'आपले' म्हणण्याची इतकी सवय झालेली, की 'आपले' म्हणजे 'माझे' कधी झाले ते कळलेच नाही.

हिने पेन उचलले. म्हणाली, "सही करते. तुमची हौस आहे, होऊ द्या. पण एक विचारू?"

"विचार की."

"ती गाडी मला चालवता येईल का?"

मी हसलो, आणि मग हसू थांबले, कारण ती हसत नव्हती. "तीस वर्षं मागं बसले," ती म्हणाली. "शेतावर जायचं तर तुमची वेळ बघायची. मजूर येऊन बसलेले असतात आणि तुमची वर्तमानपत्रं वाचून व्हायची असतात. मला वाटलं होतं, या वर्षीच्या पैशातून एखादी जुनी गाडी घेऊ आणि मी शिकू. पण तुम्ही पुण्याला गेलात, मग म्हटलं राहू दे."

मी काही बोललो नाही. गणितात ज्याला 'दिलेले' म्हणतात तेच मी वाचायचे विसरलो होतो. उत्तर बरोबर कसे येणार?

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे मिस्त्रीकडे गेलो. या खेपेला त्याने प्रश्न मला विचारले नाहीत, हिला विचारले. कुठे जायचे, किती माणसे, रस्ता कसा. ऐकून म्हणाला, "काकू, तुमच्यासाठी एक जुनी डिझेल स्विफ्ट बघून ठेवतो. पोट जरा वर आहे, पार्ट गल्लीत मिळतात. आणि गुरुजी, तुमचीही हौस भागंल."

"ती कशी?"

त्याने शेजारी उभ्या असलेल्या एका स्विफ्टचे बॉनेट उघडले आणि इंजिनावर थाप मारली. "हे इंजिन इटालियनच आहे!"

घरी येऊन मी खात्री करून घेतली. मिस्त्री खरे बोलत होता. १.३ लिटरचे हे डिझेल इंजिन मूळ फियाटचे. फियाटच्या परवान्याने मारुतीने ते आपल्याकडे बनवले, टाटांच्या गाड्यांतही ते बसले, आणि लोक त्याला गमतीने राष्ट्रीय इंजिन म्हणू लागले. वर आणखी सोय अशी, की त्यात तुटणारा पट्टा नाही. लोखंडी साखळी आहे. म्हणजे मी ज्या इटालियन सुंदरीच्या शोधात रांजणगावापर्यंत गेलो, ती मराठवाड्यातल्या खेड्याखेड्यांत डोक्यावर पदर घेऊन कामाला लागलेली होती.

पुण्याच्या त्या मुलाला मी स्वतः फोन केला आणि नाही म्हणून कळवले. गाडीत काहीच खोट नाही, हेही सांगितले. ती कोणा तरुणाने घ्यावी, मोकळ्या रस्त्याजवळ राहणाऱ्याने घ्यावी. खोट गिऱ्हाइकात होती.

दसऱ्याला आमच्या दारात एक करडी स्विफ्ट आली. एम एच ३८ पाटीची, हिच्या नावावर. अर्ध्याहून अधिक पैसे शिल्लक राहिले. त्यांत शेतापर्यंतचा मुरूम झाला आणि ठिबकाच्या नळ्याही. सीमोल्लंघनाला आम्ही नर्सीला नामदेवांच्या दर्शनाला गेलो. जाताना मी चालवली. परतताना, शिकाऊ परवाना पर्समध्ये आणि पांढऱ्या काचेवर तांबडा 'एल' चिकटवून, हिने चालवली. वेग ताशी तीस. मागून येणाऱ्या ट्रॅक्टरने भोंगा वाजवला. मी धीर देण्यासाठी सांगितले, की लाम्बोर्गिनीसुद्धा आधी ट्रॅक्टरच बनवीत असे. हिने रस्त्यावरची नजर न काढता सांगितले, "बोलू नका."

तो सात इंचांचा उंचवटा परवा तिने सहज पार केला. मी आता डाव्या बाजूला बसतो. तिकडे ब्रेक नसतो, ही गोष्ट माझा उजवा पाय अजून मान्य करीत नाही.