यादीत नसलेले नाव

गेल्या महिन्यात शेजारचा एक मुलगा संध्याकाळी आमच्या ओसरीवर येऊन मुकाट्याने बसला. डाव्या हाताने चेंडू फिरविण्यात आमच्या वांकिडीत त्याचा हात धरणारा कोणी नाही. पण संघाची यादी लागली आणि तीत त्याचे नाव नव्हते. "आजोबा, आता खेळून काय उपयोग?" त्याने विचारले. त्या वेळी त्याला जी हकीकत सांगितली, तीच आज वाचकांपुढे ठेवतो.

पद्माकर शिवलकर हे मुंबईचे डावखुरे फिरकी गोलंदाज. १९६१-६२ च्या मोसमात ते प्रथम श्रेणीचा पहिला सामना खेळले. पुढे १२४ सामन्यांत त्यांनी ५८९ बळी मिळविले, आणि प्रत्येक बळीसाठी सरासरी विसाहून कमीच धावा दिल्या. १९७२-७३ चा रणजी करंडकाचा अंतिम सामना मद्रासच्या चेपॉक मैदानावर झाला. खेळपट्टी फिरकीला अनुकूल. तामिळनाडूकडे वेंकटराघवन आणि व्ही. व्ही. कुमार यांच्यासारखे नामांकित फिरकी गोलंदाज. मुंबईचा पहिला डाव १५१ धावांत आटोपला. परंतु शिवलकरांनी १६ धावांत ८ आणि दुसऱ्या डावात १८ धावांत ५ गडी टिपले. तामिळनाडूचे डाव ८० आणि ६१ धावांत संपले, आणि तिसऱ्या दिवसाच्या पहिल्याच चेंडूवर सामन्याचा निकाल लागला. मुंबईचे ते लागोपाठ पंधरावे अजिंक्यपद होते.

एवढे होऊनही हा गोलंदाज भारताकडून एकही कसोटी सामना खेळला नाही. त्याच काळात, त्याच हाताने, तीच कला बिशनसिंग बेदी दाखवीत होते. १९६६ ते १९७९ या काळात त्यांनी ६७ कसोटींत २६६ बळी घेतले. एका संघात एका जातीच्या गोलंदाजीला बहुधा एकच जागा असते. हरियाणाचे राजिंदर गोयल हेही डावखुरेच. रणजी करंडकात त्यांनी ६३७ बळी मिळविले, आणि तेही कसोटीविनाच राहिले. सुनील गावसकरांनी आपल्या 'आयडॉल्स' या पुस्तकात या दोघांनाही मानाचे स्थान दिले आहे.

निवृत्तीनंतर शिवलकरांनी आत्मचरित्र लिहिले, त्याचे नाव 'हा चेंडू दैवगतीचा'. याच नावाचे एक गीत ते स्वतः गायले होते. आयुष्यभर ज्याने चेंडू स्वतःच्या बोटांनी वळविला, त्याने मागे वळून पाहताना आपल्या कहाणीला दैवाचे नाव द्यावे, यात खंत आहे. पण कडवटपणा मला तरी दिसत नाही. कारण दैवावर हवाला ठेवून हा माणूस स्वस्थ बसला नव्हता. निवृत्त होऊन काही वर्षे लोटल्यावर, १९८७-८८ साली, वयाच्या ४७ व्या वर्षी, मुंबईसाठी ते पुन्हा मैदानात उतरले. तेव्हा कसोटीची आशा कोठून असणार? हाती होता तो केवळ खेळ.

२०१७ साली क्रिकेट नियामक मंडळाने गोयल आणि शिवलकर या दोघांना कर्नल सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला. ३ मार्च २०२५ रोजी शिवलकर निवर्तले. आपण कर्णधार असताना निवड समितीला त्यांच्याविषयी पटवून देऊ शकलो नाही, याची खंत गावसकरांनी त्या वेळी बोलून दाखविली.

यादीबाहेर राहणे म्हणजे काय, हे आम्हां वांकिडीकरांना कोणी शिकवावे लागत नाही. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातील राजुरा आणि किनवट तिकडे गेले. आमचे गाव इकडे राहिले. म्हणून काही आमच्या माजघरातली मराठी थांबली नाही.

मुलाने सर्व ऐकून घेतले आणि विचारले, "पण आजोबा, त्यांना घ्यायला हवे होते ना?"

"हवेच होते," मी म्हणालो. अन्यायाला न्याय म्हणून मुलांची समजूत घालू नये, असे माझे मत आहे. फक्त, यादी करणारे निराळे आणि चेंडू टाकणारा निराळा, एवढे त्यांच्या ध्यानी आणून द्यावे.

तो काही न बोलता उठून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या भिंतीवर चेंडू आपटल्याचा आवाज येऊ लागला. रोज या आवाजाला वैतागणारी आमची मंडळी त्या दिवशी मात्र काही बोलली नाहीत.