कोशिंबिरीचा हिशेब

मानपाडा या नांवाच्या दोन वस्त्या आपल्या ठाणें जिल्ह्यांत आहेत. एक डोंबिवली पूर्वेस; तिच्याच नांवाच्या रस्त्यालगत आमचें बिऱ्हाड. दुसरी ठाण्यास, घोडबंदर रस्त्यावर. तिकडे आमचे थोरले चिरंजीव व सूनबाई नोकरीनिमित्त रोज जातात. मध्यंतरीं एके दिवशीं सूनबाई सहज म्हणाली, "बाबा, आज आम्ही मानपाड्याला सॅलड खाल्लं." आम्हीं मनांतल्या मनांत आपल्याच रस्त्यावरील उपाहारगृहें धुंडाळूं लागलों. मग कळलें कीं, हा तो दुसरा मानपाडा, आणि तेथें एका थाळीस ३५० रुपये पडतात. वर ५ टक्के कर. म्हणजे ३६७ रुपये ५० पैसे. काकडी-टोमॅटोला!

यांत चैनीचा भाग नव्हता, हें प्रथम सांगितलें पाहिजे. छत्तिसाव्या वर्षींच चिरंजीवांच्या रक्तांतील साखर मर्यादेच्या काठावर येऊन ठेपली आहे. पोळी-भात आवरा, भाज्या व कडधान्यें वाढवा, असें डॉक्टरांनीं बजाविलें. म्हणून हीं उभयतां आठवड्यांतून दोनदां दुपारीं तेथें जेवूं लागलीं. लांब मेजावर बर्फांत भांडीं मांडलेलीं असतात. त्यांत चिरलेल्या भाज्या, पाला, उकडलेले हरभरे, राजमा, पनीर, फळें. आपण आपल्या हातानें वाढून घ्यावें. कल्पना वाईट नाहीं; परंतु महिन्याच्या सोळा थाळ्यांचे ५,८८० रुपये होतात. आमच्यांतला मास्तर जागा झाला आणि आम्हीं वही काढली.

घरीं तशीच पोटभर थाळी करावयाची, तर पाव किलो भाज्या, मूठभर मोड आलेली मटकी, वाटीभर दहीं, थोडें दाण्याचें कूट, लिंबू व एखादें फळ लागतें. आमच्या बाजाराच्या भावानें ही बेरीज ५० रुपयांच्या आसपास जाते. सोळा थाळ्यांचे ८०० रुपये. निव्वळ बचत ५,०८०! रात्रीच्या पंगतींत आम्हीं हे आंकडे मोठ्यानें वाचून दाखविले, आणि आपल्या कोशिंबिरीची थोरवी गाऊन घेतली. सून खालीं मान घालून जेवत होती.

तेव्हां आमच्या कुटुंबानें एवढेंच विचारलें, "अहो, या हिशेबांत माझा अंगठा कोणत्या खात्यावर मांडलात?"

आठ माणसांच्या या घरांत चाळीस वर्षें विळी त्यांच्या हातीं आहे. उजव्या अंगठ्याच्या मुळाशीं संधिवातानें सूज येते. सकाळीं झांकण उघडत नाहीं. हें आम्हांस ठाऊक होतें, पण वहींत नव्हतें. पाव किलो भाजी आपोआप चिरली जात नाहीं. ज्या श्रमाला आपण दाम देत नाहीं, तो फुकट आहे असें मानण्याची संवय पुरुषांच्या हाडीं खिळलेली आहे. ती आमच्याही हाडीं आहे.

दुसरी चूक आमची आम्हांसच सांपडली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक सूचनांत दोन हजार कॅलरींच्या दिवसभराच्या आहारांत ४०० ग्रॅम भाज्या व १०० ग्रॅम फळें धरलेलीं आहेत. आपली कोशिंबीर उत्तम खरी. पण ती पानाच्या डाव्या बाजूस, चटणी-लोणच्याच्या शेजारीं, चमचाभर वाढली जाते. तेवढ्यावर साखर उतरावयाची नाहीं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत 'मात्राशितीय' नांवाचा एक स्वतंत्र अध्यायच आहे. काय खावें इतकाच किती खावें हाही प्रश्न आहे, असें त्यांतून शिकावयाचें. तो अध्याय मुलांना शिकविणारे आम्ही, घरच्या पानाकडे मात्र पाहिलें नव्हतें. उपाहारगृहानें कोशिंबीर डावीकडून उचलून मध्यभागीं ठेविली, हा त्याचा धडा घेण्याजोगा आहे.

म्हणून घरांत पुढील बेत ठरला. आठवड्याची आंखणी रविवारीं करावयाची: एके दिवशीं काकडी व दाण्याचें कूट, दुसऱ्या दिवशीं गाजर, मग कोबीची पचडी, मग दह्यांतलें बीट, आणि जोडीला आळीपाळीनें मटकी, मूग, हरभरे. मोड आलेलीं कडधान्यें कच्चीं न खातां वाफवून घ्यावीं, कारण मोड येण्यास लागणारी ऊब व ओल जंतूंनाही मानवते. लिंबू पिळण्यास विसरूं नये. त्यानें कडधान्यांतील लोह अंगीं लागण्यास मदत होते. गाजरावरची चमचाभर तेलाची फोडणीही केवळ चवीची नव्हे. गाजरांतील कॅरोटीन शरीरांत शोषलें जाण्यास थोडा स्निग्धांश लागतोच. डबा न्यावयाचा असल्यास मीठ व दहीं निराळ्या डबींत द्यावें, म्हणजे पाणी सुटत नाहीं.

उपाहारगृहास आम्हीं रजा दिली नाहीं. महिन्यांतून एक रविवार सगळ्यांनीं तेथें जावयाचें: आठ थाळ्या, २,९४० रुपये, म्हणजे पूर्वीच्या खर्चाच्या बरोबर निम्मे. त्या दिवशीं चूल बंद. पहिल्याच खेपेस जें शिकलों तें वाचकांच्या उपयोगी पडेल.

थाळी हातांत घेण्यापूर्वीं सबंध मेजाभोंवतीं एक फेरी मारावी. जें घरीं स्वस्त व सोपें आहे त्या कांद्या-काकडीच्या चकत्यांनीं थाळी भरूं नये; राजमा, हरभरे, पनीर, निरनिराळा पाला आधीं घ्यावा. अंड्याच्या किंवा बिनअंड्याच्या दाट पांढऱ्या मेयोनेजमध्यें घोळलेलें जें असेल, तें नांवानें सॅलड असलें तरी गुणानें तेलच होय. तें टाळून लिंबू, मिरपूड व दहीं घ्यावें. भांडीं खरोखरीच थंड आहेत कीं नाहींत तें पाहावें. पावसाळ्यांत कच्च्या पाल्याचा मोह आवरावा. पाहिजे तितकें खा, अशी मुभा असली म्हणजे पैसे वसूल करण्याच्या ईर्षेनें पोट बिघडतें. ती वसुली नव्हे. एका थाळींत दोघांनीं चोरून खाऊं नये. विचारावें, व नाहीं म्हटल्यास गप्प बसावें. शेवटीं बिल वाचावें. कर द्यावाच लागतो. परंतु सेवाशुल्क ग्राहकावर लादतां येत नाहीं, असें केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें जुलै २०२२ मध्यें सांगितलें, आणि दिल्ली उच्च न्यायालयानें मार्च २०२५ मध्यें तें उचलून धरलें.

उरलेल्या २,९४० रुपयांतून घरच्या सोळा थाळ्यांचे ८०० वजा जातां २,१४० राहतात. ते आम्हीं बचतखात्यांत टाकणार होतों. सूनबाईनें सुचविलें कीं, आठवड्यांतून दोन दिवस पोळ्या कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रांतून आणाव्या, म्हणजे आईंच्या हाताला विसांवा. ठराव एकमतानें पास झाला. बचत कांहींच उरली नाहीं, आणि वहींत तशी नोंद आम्हीं स्वहस्तें केली आहे.

चिरंजीवांच्या रक्ताची तपासणी पुढील महिन्यांत आहे. तिचा निकाल आजच सांगतां येत नाहीं. सकाळीं साडेसहाला विळीवर आतां आम्हीं बसतों. काकडी चोचविण्यास आम्हांस बराच वेळ लागतो, आणि तुकडे सारखे होत नाहींत. कुटुंब शेजारीं चहा घेत बसतात व सुधारणा सुचवितात. चाळीस वर्षें मुलांच्या वह्या तपासल्यावर, आपलीही कोणी तपासावी, हें न्यायाचेंच आहे.