सेन्सर गेला, म्हणे!

गाळप हंगाम सुरू झाला की आमच्या श्रीपूर भागात दोन गोष्टी हमखास कानावर पडतात. एक म्हणजे उसाच्या ट्रॅक्टरवरची गाणी आणि दुसरी, "अहो, तो फ्लो मीटरचा सेन्सर गेला!"

गेला म्हणजे कुठे गेला? पंढरपूरला?

ब्लॉगवरची मंडळी आणि आमची पुण्याची मावशी (मी नक्की काय काम करतो हे तिला अजून उमगलेलं नाही) यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पाइपाला बाहेरून दोन सेन्सर बांधायचे. एक आवाज प्रवाहाबरोबर जातो, दुसरा प्रवाहाविरुद्ध. दोघांच्या वेळेत जो किंचित फरक पडतो त्यावरून पाण्याचा वेग निघतो. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १४८० मीटर धावतो, तेव्हा हा फरक किती बारीक असेल बघा. आता सेन्सर आणि पाइप यांच्यामधलं ग्रीस उन्हाने वाळलं, की तिथे हवा शिरते आणि आवाज तिथेच अडतो. बिचाऱ्या सेन्सरचा यात काय दोष?

पण आपल्याकडे पद्धत अशी की आधी नवीन सेन्सर मागवायचा, मग विचार करायचा. नवा बसवताना आपसूक पाइप घासला जातो, ताजं ग्रीस लागतं आणि मीटर चालू होतो. "बघा, सेन्सरच गेला होता!" जुना धडधाकट सेन्सर भंगारात.

खरं तर व्हॉल्व्ह बंद करून, पाइप पाण्याने भरलेला ठेवून, मीटर शून्य दाखवतो का ते बघायला दहा मिनिटं लागतात. मग सिग्नल किती येतोय ते बघा. जंक्शन बॉक्स उघडा, आत पाणी निघेल. सेन्सर पाइपाच्या डोक्यावर बांधलाय का? तिथे हवा साठते, बाजूला बांधा. मीटरच्या आधी पाइपाच्या व्यासाच्या दहा पट तरी सरळ लांबी हवी, आणि इथे बेंडला चिकटवून ठेवलेला असतो! एवढं करूनही जमलं नाही तर तीच जोडी दुसऱ्या चांगल्या पाइपावर लावा. तिथेही मुकी राहिली तरच म्हणा गेला. गरम पाइपावर साधे सेन्सर खरोखर मरतात, ते मान्य.

सांडपाण्याच्या व्ही-नॉचवरची कथा वेगळी. तिथे सेन्सर वरून पाण्याची पातळी मोजतो. फेस आला की फेसालाच पाणी समजतो. पातळी १० टक्के जास्त वाटली की प्रवाह जवळजवळ २७ टक्के फुगतो, कारण गणित अडीचाव्या घाताचं आहे. कधी कधी तर खाली कोळ्याचं जाळं असतं, बस्स!

आणि खरी चीड इथेच येते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ मध्ये साखर आणि डिस्टिलरीसह १७ प्रकारच्या उद्योगांना सांडपाण्यावर ऑनलाइन देखरेख बसवायला सांगितली. म्हणजे हा आकडा आता फक्त कारखान्याचा राहिलेला नाही, खालच्या गावच्या विहिरींचाही आहे. तरीही मीटर जास्त दाखवायला लागला की रात्री अकराला फोन येतो. कमी दाखवतो म्हणून मात्र मला आजवर एकही फोन आलेला नाही. ज्या दिवशी येईल त्या दिवशी ब्लॉगवर सगळ्यांना पेढे!