आमदारकीचे मोजमाप



‘५० वर्षे आमदार राहून गणपतरावांनी मिळवले काय?’ हा मागील अंकातील पत्रलेखकाचा सवाल वाचून वाईट वाटले. मंत्रिपदाच्या फूटपट्टीने गणपतराव देशमुख मोजता येणार नाहीत.

१९६२ साली ते शेतकरी कामगार पक्षातर्फे (शेकाप) सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्यातून प्रथम विधानसभेत गेले. पुढे एकूण ११ वेळा निवडून आले. १९७२ आणि १९९५ साली लोकांनी त्यांना पाडलेही. पण म्हणून त्यांनी ना पक्ष सोडला, ना तालुका. राज्यात शेकापची ताकद ओसरत गेली, सहकारी एकेक करून सत्तेच्या वळचणीला गेले, तरी त्यांच्या खांद्यावरचा लाल झेंडा उतरला नाही.

ते दोनदा मंत्री झाले, हेही पत्रलेखक विसरले. १९७८च्या पुरोगामी लोकशाही दलाच्या (पुलोद) सरकारात आणि १९९९नंतरच्या आघाडी सरकारात ते होते. मात्र त्यांचे खरे काम दुष्काळी पट्ट्यातले. स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींसोबत आटपाडीच्या पाणी परिषदेतून त्यांनी कृष्णेच्या पाण्यावरचा हक्क वर्षानुवर्षे मांडला. सांगोल्यात सहकारी सूतगिरणी उभी केली आणि नीट चालवून दाखवली. आमदार असतानाही ते एसटीने प्रवास करत.

२०१९ साली त्यांनी स्वतःहून निवडणूक लढवली नाही. ३० जुलै २०२१ रोजी ते गेले. पक्षांतराच्या आजच्या दिवसांत अशी कारकीर्द तरुणांपुढे ठेवायची, की ‘मिळवले काय’ म्हणून निकालात काढायची? पत्रलेखकाने याचा शांतपणे विचार करावा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, पंढरपूर