सहा दिवसांचें बेट

जपानच्या दक्षिणेस, टोकिओ शहरापासून सुमारें एक हजार किलोमीटरवर, पॅसिफिक महासागरांत ओगासावारा नांवाचा तीसांहून अधिक लहानमोठ्या बेटांचा एक समूह आहे. त्यांतील मुख्य बेटाचें नांव चिचिजिमा, म्हणजे पितृद्वीप. त्याच्या दक्षिणेस हाहाजिमा, म्हणजे मातृद्वीप. पित्याच्या उत्तरेस लागूनच थोरला भाऊ व त्याच्यापलीकडे धाकटा भाऊ. मातेच्या सभोंवतीं थोरली बहीण, धाकटी बहीण व भाची. आणखी उत्तरेस वर आणि वधू अशीं दोन बेटें असून त्या दोहोंच्या मध्यें जें बेट आहे त्याचें नांव ‘मध्यस्थ’ असें आहे. लग्न जुळविणारा मनुष्य वधूवरांच्या मध्यें असा कायमचा उभा राहिलेला आम्हीं तरी अन्यत्र कोठें पाहिला नाहीं.

अशा या एकत्र कुटुंबाच्या बेटांवर आमच्या एका स्नेह्यांचें एकत्र कुटुंब येत्या चैत्रांत सुटी घालविण्याचा बेत करीत आहे. त्यांचा थोरला मुलगा नोकरीनिमित्त टोकिओंत असतो. त्याच्याकडे आईबाप, अठ्ठ्याहत्तर वर्षांची आजी, धाकटा भाऊ असे सर्वजण जाणार. तेथून पुढें ही सफर. शाळेंत भूगोल शिकविलेला मनुष्य म्हणून त्यांनीं पाहावयाच्या स्थळांची यादी आमच्याकडे तपासावयास पाठविली. यादी उत्तम होती. परंतु ती अखेरीस करावयाची होती. अशा स्थळीं जावयाचें तर पहिली यादी स्थळांची नव्हे, माणसांची करावी लागते. त्याचें कारण बोट.

ओगासावारास विमानतळ नाहीं. १९६८ सालीं हीं बेटें अमेरिकेकडून जपानकडे परत आलीं, तेव्हांपासून विमानतळाची चर्चा चालू आहे. एकदां थोरल्या भावाच्या बेटावर तो बांधण्याचें घाटत होतें, तें तेथील दुर्मिळ वनस्पती व प्राणी यांच्यासाठीं सोडून द्यावें लागलें. हा प्रवास अधिक लवकर उरकणारी एक अतिवेगवान बोटही बांधून झाली होती. परंतु इंधनाचे भाव चढल्यामुळें २००५ सालीं तोही बेत बारगळला. सारांश, टोकिओच्या धक्क्यावरून सकाळीं अकरा वाजतां निघून दुसऱ्या दिवशीं अकरा वाजतां पितृद्वीपास लागणारी ‘ओगासावारा मारू’ ही प्रवाशांची मुख्य बोट होय. ती सामान्यतः तीन रात्री तेथें थांबते आणि तीच बोट प्रवाशांना परत आणते. जातांनाची रात्र, येतांनाची रात्र व मधल्या तीन, असा एकंदर सहा दिवसांचा हिशेब. गर्दीच्या दिवसांत ती लवकर उलटते, आणि हिवाळ्यांत दुरुस्तीसाठीं कित्येक दिवस गोदींत उभी असते, त्या काळांत तिच्या फेऱ्या बंद. आपल्या कोंकणच्या आगबोटी पावसाळ्यांत बंद असत, तसाच हा प्रकार. गंमत अशी कीं, कारभाराच्या दृष्टीनें हीं बेटें टोकिओचाच भाग होत; तेथील मोटारींवर टोकिओंतील शिनागावा विभागाची पाटी असते. म्हणजे मनुष्य चोवीस तास समुद्र कापून टोकिओंतून टोकिओंतच येतो.

आतां यांतील मेख ध्यानांत घ्यावी. बेटावर दूरध्वनि पोहोंचतो. बोटीवर बहुतेक वाटभर पोहोंचत नाहीं. आणि जेथें तो पोहोंचतो तेथें बातमी कळेल, पण बोट निघेपर्यंत तुम्हांस निघतां येणार नाहीं. मुंबईस कोणी आजारी पडलें, पुण्याच्या घराची भिंत खचली, कचेरींत कांहीं अडलें, तरी उपाय नाहीं. उलट दिशेनेंही तोच प्रश्न. बेटावर दवाखाने आहेत व तेथें डॉक्टर असतात. परंतु मोठ्या शस्त्रक्रियेचा प्रसंग आला तर जपानच्या नौदलाच्या विमानानें रुग्णास टोकिओकडे न्यावें लागतें, आणि त्यांत कित्येक तास मोडतात. म्हणून ज्यांना सहा दिवस जगापासून तुटून राहतां येईल अशींच माणसें या यादींत असावींत.

आमच्या स्नेह्यांनीं हा विचार केलाच होता, नाहीं असें नाहीं. त्यांचें ठरलें होतें कीं, आजींना बोट झेपणार नाहीं, सबब त्या टोकिओंतील घरीं राहतील. आणि त्यांच्यापाशीं कोणी हवें म्हणून थोरली सून राहील. सर्व कसें सरळ, आणि आपल्या घरांतून नेहमीं ठरतें तसेंच. यांत दोन माणसांबद्दल निर्णय झाला व दोघींपैकीं एकीसही कोणीं विचारलें नाहीं. ती सून तीन वर्षें त्या शहरांत आहे. तिचा संचार घर, मुलाची शाळा व भाजीचें दुकान एवढाच. जिच्या घरीं पाहुणे म्हणून सर्व मंडळी उतरणार, जी दोन महिने त्यांचें जेवणखाण करणार, तिनेंच सुटीच्या सहा दिवसांत घर राखावें, हें आम्हांस न्याय्य वाटलें नाहीं. आम्हीं कळविलें : आजींच्या प्रकृतीचा निर्णय त्यांच्या डॉक्टरांवर सोंपवावा. हृदयविकारासारखें कांहीं असेल तर जाऊं नये, हें उघड आहे. परंतु राहावयाचेंच झालें तर मुलगा आपल्या आईपाशीं राहूं शकतो, तो साठीचा निवृत्त गृहस्थ आहे. किंवा नातू राहूं शकतो. सुनेचें नांव प्रवासाच्या यादींत आधीं लिहावें.

राहिला ऋतूचा प्रश्न. पितृद्वीप सत्तावीस अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे जवळजवळ आपल्या जयपुराच्या रेषेंत आहे. पण सभोंवार समुद्र असल्यामुळें तेथें जयपुराची थंडीही नाहीं व उन्हाळाही नाहीं. हवा उपोष्ण. उन्हाळा संपतांना वादळांचें भय असतें व बोटीचें वेळापत्रक कोलमडतें. मार्चची अखेर ते एप्रिलचा पूर्वार्ध हा काळ आम्हांस बरा वाटतो. कुबड्या देवमासे त्या दिवसांत पिलांसह तेथें असतात, आणि ते पितृद्वीपाच्या पश्चिम टोंकावरील टेहळणीच्या जागेवरून दिसतात, लहान होडींत बसावें लागत नाहीं. एप्रिलची अखेर मात्र टाळावी. जपानी लोकांच्या सुट्यांचा सप्ताह तेव्हां सुरू होतो. बेटांवर उघड्यावर तंबू ठोकण्यास मनाई असल्यामुळें उतरावयाच्या जागेची व्यवस्था तिकिटाबरोबरच झाली पाहिजे. पितृद्वीपाजवळ दक्षिण-द्वीप नांवाचें एक लहान बेट आहे, तेथें दिवसास शंभरच माणसें व दोनच तास, तींही वाटाड्यासह, असा नियम आहे. मातृद्वीपास दुसरी बोट दोन तासांत नेते. त्या वेळीं जोड्यांचे तळवे स्वच्छ करावे लागतात, कारण पितृद्वीपावर बाहेरून आलेल्या एका चपट्या कृमीनें तेथील गोगलगाई खाऊन संपविल्या, आणि मातृद्वीपावर त्याचा शिरकाव होऊं नये अशी खटपट आहे. बाहेरून आल्यावर पाय धुवून घरांत यावें हें ज्यांस लहानपणापासून शिकविलें आहे, त्यांस हा नियम सांगावा लागणार नाहीं.

शाकाहाराची अडचण खरी आहे. जपानी स्वयंपाकांत माशाचा अर्क बहुतेक रशांत असतो, आणि या बेटावर तर कांसवाचें मांसही खातात. चूल असलेली खोली घ्यावी. तांदूळ, डाळ, मेतकूट, पोहे बरोबर न्यावे. दुकानांतील माल त्याच बोटीनें येतो, म्हणून बोट लागण्यापूर्वींच्या दिवशीं भाजी मिळेल असा भरंवसा धरूं नये. येतांना मात्र रताळीं आणूं नयेत. किडीच्या भयानें बेटावरील रताळीं जपानच्या मुख्य भूमीवर नेण्यास बंदी आहे.

मुलांना जाण्यापूर्वीं दोन गोष्टी सांगून ठेवाव्या. या बेटांचें जुनें पाश्चात्त्य नांव ‘बोनिन’, तें ‘निर्जन’ या अर्थाच्या जपानी शब्दाचा अपभ्रंश आहे. १८३० सालीं पांच पाश्चात्त्य पुरुष व हवाई बेटांतील कांहीं स्त्रीपुरुष येथें येऊन राहिले, तेव्हां कोठें वस्ती झाली. १९४४ सालीं युद्धामुळें सहा हजार आठशेंहून अधिक रहिवाशांना घरें सोडून जपानांत जावें लागलें. युद्धानंतर त्या पहिल्या वसाहतकारांच्या वंशजांस तेवढें परतूं दिलें; बाकीच्यांनीं १९६८ पर्यंत, म्हणजे चोवीस वर्षें, वाट पाहिली. बोट सुटतांना धक्क्यावर नगारे वाजतात, गांवकऱ्यांच्या होड्या बोटीबरोबर दूरवर धांवतात, तरुण मुलें होड्यांतून समुद्रांत उड्या टाकतात, आणि पाहुण्यांस ‘इत्तेराश्शाई’ म्हणून ओरडतात. त्याचा अर्थ ‘जाऊन या’. घरांतून बाहेर निघालेल्या घरच्या माणसास म्हणावयाचा तो शब्द आहे. आपल्याकडे ‘जातों’ म्हणत नाहींत, ‘येतों’ म्हणतात, त्याच जातीचा.

दुसरी गोष्ट मांजरांची. तेथील एक लाल मस्तकाचें रानकबुतर नामशेष होण्याच्या बेतांत होतें. रानांत मोकाट झालेलीं मांजरें त्याचा फडशा पाडीत. तीं मांजरें पकडलीं, परंतु मारलीं नाहींत. त्याच बोटीनें टोकिओस धाडलीं, तेथील पशुवैद्यांनीं त्यांस माणसाळविलें व घरें मिळवून दिलीं. कबुतरें पुन्हां दिसूं लागलीं आहेत.

आमचें पत्र पोहोंचल्यावर त्या घरांत बराच खल झाला असें कळतें. डॉक्टरांनीं रक्तदाबाच्या गोळ्या दुप्पट दिवसांच्या बरोबर ठेवण्याच्या अटीवर आजींस संमति दिली, आणि सुनेचें तिकीट निघालें. आजींचें बालपण रत्नागिरीकडचें. पडावांतून आगबोटीवर चढणें हें त्यांस नवें नव्हे. बोटीच्या स्वस्त वर्गांत खालीं ओळीनें गाद्या घातलेल्या असतात, पलंग नसतो, हें मुलानें चाचरतच त्यांच्या कानीं घातलें. त्या म्हणाल्या, ‘‘मग बरेंच झालें. उंचावर निजलें कीं मला बोट लागते.’’