घटपर्णीला खत नको, राव!

हल्ली नर्सऱ्यांत घटपर्णीच्या कुंड्या दिसायला लागल्यात. किडे खाणारी वेल म्हणून लोक हौसेने नेतात आणि पुढे ती वाळते. कारण आपण तिला टोमॅटोसारखं पोसायला बघतो.

ही वेल मुळात उपाशी जमिनीतली. भारतात तिची एकच जात रानात सापडते, नेपेंथिस खासियाना, मेघालयातली. तिथल्या पावसाने माती धुऊन निघते, नत्र थोडंच उरतं. म्हणून पानाच्या टोकाचा घडा करून ती किड्यांतून नत्र मिळवते. तिला युरिया किंवा १९:१९:१९ टाकलं तर मुळं जळतात. जगली तरी घडे कमी धरते. आयतं मिळाल्यावर घडा कशाला करेल?

दुसरा घात बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचा. साठवलेलं पावसाचं किंवा आरओचं पाणी द्या. काळी माती नको. धुतलेलं कोकोपीट आणि परलाईट घ्या. ओल कायम हवी, पण पाणी तुंबायला नको. शेडनेटखालचा उजेड आणि दमट हवा मानवते. घड्यात चिकनचे तुकडे टाकू नका, घडा कुजतो.

आणि पॉलीहाऊसमधली कीड ती आवरेल, हा भ्रम काढून टाका. ती पोटापुरत्या मुंग्या-माश्या धरते. पांढऱ्या माशीला पिवळे चिकट सापळेच लावा.

आता माझं मत स्पष्ट सांगतो. कटिंगची किंवा टिश्यू कल्चरची संकरित रोपं खुशाल घ्या. रानातून उपटलेली वेल मात्र फुकट दिली तरी घेऊ नका. खासियाना धोक्यात आहे, वन्यजीव कायद्याने तिला संरक्षण आहे. तिच्यात नर वेल वेगळी, मादी वेल वेगळी. आसपासचे नर उपटले तर मादीला बी धरणार कसं?

हे लांब मेघालयातलं म्हणून सोडून देऊ नका. आपल्या कासच्या पठारावर आणि कोकणातल्या सड्यांवर पावसाळ्यात दवबिंदू, सीतेची आसवं फुलतात. तीही बारीक जीव धरूनच जगतात. अशा कातळाला पडीक म्हणत माती आणि खत ओतलं, की गवत माजतं आणि ही झाडं जातात. प्रत्येक जमीन सुधारायची नसते, मंडळी. काही ठिकाणी हात आखडता घेणं हीच निगा असते.