दप्तरातील अरण्य

लातूर जिल्ह्यात वनाच्छादित क्षेत्र एकूण भूभागाच्या एक टक्काही नाही. नांदेड जिल्ह्याची स्थिती त्या मानाने बरी दिसते. पण तेथीलही बरेचसे वन किनवट आणि माहूर या दोन तालुक्यांत, पैनगंगेच्या काठाने एकवटले आहे. देशाची एक तृतीयांश भूमी वृक्षाच्छादित असावी, असे उद्दिष्ट 1952 च्या वननीतीने ठरविले आणि 1988 च्या वननीतीने ते पुन्हा उच्चारले. मराठवाड्यात त्या उद्दिष्टाची थट्टाच झाली आहे. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. त्या टंचाईला अवर्षण होते, उसाची हाव होती. परंतु उघडेबोडके माळ पावसाचे पाणी धरून ठेवत नाहीत, हेही विसरून चालणार नाही.

जे थोडे झाडोरे उरले आहेत, त्यांतील कितीतरी देवाच्या किंवा इतिहासाच्या आश्रयाने उरले आहेत. चाकूर तालुक्यातील वडवळ नागनाथचे बेट औषधी वनस्पतींसाठी प्रसिद्ध आहे. उदगीर तालुक्यातील हत्तीबेटावर कोरीव लेणी आहेत आणि हैदराबाद मुक्तिसंग्रामाशीही त्या टेकडीचे नाव जोडलेले आहे. येथे ‘बेट’ म्हणजे पाण्याने वेढलेली भूमी नव्हे. शेतांच्या सपाटीतून एकाकी उठलेली टेकडी होय. माहूरला तर रेणुकेचे मंदिर, दत्तशिखर, गड, लेणी आणि सागाचे रान ही सारी एकाच डोंगररांगेत आहेत. तेथे इतिहास कोठे संपतो आणि अरण्य कोठे सुरू होते, हे सांगणे कठीण आहे.

आपल्या गावोगावच्या इतिहासमंडळांनी मात्र ही सीमारेषा सहज आखून टाकली आहे. शिलालेखांचे ठसे घ्यावेत, मोडीचे वर्ग चालवावेत, कंधारचा किल्ला, होट्टलची मंदिरे, निलंग्याचे नीलकंठेश्वर, खरोशाची लेणी यांवर निबंध वाचावेत, वर्षातून एकदा अधिवेशन भरवावे, हे त्यांचे कार्य. ते मोलाचे आहे आणि बहुतांशी शिक्षक व कारकून मंडळींनी पदरमोड करून केलेले आहे, याचा विसर पडू नये. पण लेण्याचा दगड तेवढा वारसा आणि लेण्यावरची झाडी म्हणजे केवळ सरपण, हा विवेक कोणी शिकविला? मंदिराभोवतीची राई तोडून तेथे वाहनतळ आणि भक्तनिवास उभा राहतो, तेव्हा जीर्णोद्धाराच्या समारंभात इतिहासकारही व्यासपीठावर बसलेले असतात.

अर्थशास्त्राचाही येथे थोडा दोष आहे. उभे झाड राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात दिसत नाही. ते तोडून बाजारात आले की दिसते. ज्याची नोंद नाही त्याला कोणी वाली नाही. नोंद करणे, जपणे आणि वाचणे हा तर इतिहासमंडळांचा मूळ व्यवसाय!

नोंदीचे महत्त्व कायद्यानेही मान्य केले आहे. सर्वोच्च न्यायालयाने 12 डिसेंबर 1996 रोजी गोदावर्मन प्रकरणात, मालकी कोणाचीही असो, सरकारी दप्तरात वन म्हणून नोंदलेली जमीन वनच समजावी, असे ठरविले. 18 डिसेंबर 2024 रोजी त्याच न्यायालयाने राजस्थानातील ओरणांचे, म्हणजे आपल्याकडील देवरायांचे, प्रत्यक्ष सर्वेक्षण व नकाशे करण्याचे आदेश दिले. महाराष्ट्रातील देवरायांकडे वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी 1970 च्या दशकातच लक्ष वेधले होते. तथापि तो अभ्यास मुख्यत्वे सह्याद्रीचा होता. मराठवाड्यातील बेटांची व राईंची तशी तपशीलवार यादी करण्यास न्यायालयाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. गट क्रमांक, चतुःसीमा, देवाचे नाव, झाडांची नावे, तेथे कुऱ्हाड न लावण्याची चाल केव्हापासूनची, एवढे टिपले तरी पुढे कामास येईल. ग्रामपंचायतींच्या लोकजैवविविधता नोंदवह्या पुष्कळ ठिकाणी मुदत गाठण्याच्या घाईत भरल्या गेल्या. त्यांत हा तपशील शोधणे व्यर्थ आहे.

किनवटचा प्रश्न याहून गंभीर आहे. वन राखायचे म्हणजे गोंड, कोलाम, आंध आणि बंजारा यांना वनाबाहेर ठेवायचे, ही समजूत जुनी आणि अपायकारक आहे. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाला 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला आणि गावानेच ते वन सांभाळले. 2006 च्या वनहक्क कायद्याने ही वाट सर्वांना मोकळी केली आहे. पण ती पुराव्याने जाते. अनुसूचित जमातींखेरीज इतरांना 13 डिसेंबर 2005 पूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. तेलंगणात लंबाडा अनुसूचित जमातीत आहेत. किनवटच्या तांड्यावरचा बंजारा महाराष्ट्रात त्या यादीत नाही. त्याला 1930 पर्यंत मागे जाणे प्राप्त आहे. तेव्हा किनवट निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्यात होते. ते 1956 मध्ये नांदेडला जोडले गेले. त्या काळचे दप्तर उर्दूत, आणि त्याचा मोठा भाग हैदराबादेत. तांड्यावरच्या माणसाने ते कसे शोधावे आणि वाचावे?

कायद्याच्या नियमांनी गॅझेटियर, जनगणना, जमाबंदीचे अहवाल, जुन्या विहिरी, दफनभूमी, पवित्र स्थाने आणि वृद्धांचे लेखी निवेदन हे सारे पुरावे म्हणून स्वीकारले आहेत. ही तर इतिहास-संशोधकाच्या साधनांची यादीच झाली. फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी 1940 च्या दशकात आदिलाबादच्या गोंडांविषयी जे लिहून ठेवले, त्याचाही आधार घेता येईल. 2023 मध्ये कुणबी नोंदींसाठी हैदराबादची जुनी दप्तरे धुंडाळली गेली, मोडी व उर्दू वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली, हे मराठवाड्याने पाहिले आहे. तीच दप्तरे वनासाठी आणि वनातील माणसांसाठीही उघडता येतील. मराठवाडा इतिहास परिषदेने एखाद्या अधिवेशनाचा एक दिवस याच विषयाला द्यावा, महाविद्यालयांनी उर्दू जाणणारे विद्यार्थी सुट्टीत हैदराबादला पाठवावेत आणि किनवटच्या ग्रामसभांना हव्या त्या कागदांचे मराठी भाषांतर विनामूल्य करून द्यावे. वृद्धांची निवेदने मात्र त्याआधी लिहून घ्यावी लागतील. 1956 पूर्वीचे किनवट जाणतेपणी पाहिलेली माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत.